इतर प्रदेशातली अनुप्रेक्षा

फलटणमध्ये ‘लूपी’ नावाच्या व्हिडिओ ॲपचं गोपनीयता धोरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचलेली बाई एकच आहे, आणि सध्या तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. ब्राह्मी सम्मेद चौगुले तिचं नाव. शिक्षण एम.एस्सी. लग्नाआधी दोन वर्षं ती सांगलीच्या एका कॉलेजात शिकवत होती, त्यामुळे कंटाळवाणा मजकूर न झोपता वाचायची तिला सवय. शिवाय स्वभाव मुळातला सावध. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दुकानदारासमोर वाचते. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, जो बाकीचं जग खोक्यासकट फेकून देतं, तो ती उलगडून वाचते आणि कंपनीने घातली होती तशीच घडी पुन्हा घालून ठेवते. ही घडी जमणारी माणसं तालुक्यात दुसरी नसावीत.

तर धोरण एकोणसाठ पानांचं होतं. पहिल्या चाळीस पानांत कंपनीला आपल्या गोपनीयतेचा किती आदर आहे ते सांगितलं होतं. इतका आदर ब्राह्मीला तिच्या लग्नातसुद्धा कुणी दाखवला नव्हता, त्यामुळे तिला तिथेच शंका आली. त्यापुढे ‘प्रादेशिक सूचना’ असं प्रकरण सुरू झालं. म्हणजे तुम्ही जगात कुठे राहता त्यावर तुमची अब्रू किती राखायची ते ठरणार. युरोपात राहत असाल तर अकरा पानं. तुमची माहिती बघायचा हक्क, दुरुस्त करायचा हक्क, पुसून टाकायचा हक्क, आणि हे सगळं करूनही मन भरलं नाही तर नाराज व्हायचा हक्क. कॅलिफोर्नियावाल्यांसाठी तर चक्क तक्ता आखून दिलेला. ब्राझीलला वेगळा अधिकारी. कोरियाला दूरध्वनी क्रमांक.

भारताला चार ओळी. आपण भारतात असाल तर तक्रार अधिकाऱ्याला लिहावे, त्याचा पत्ता खाली दिला आहे, उत्तर योग्य वेळेत देण्यात येईल, आणि ॲप वापरत राहिल्यास हे सर्व आपणास मान्य आहे असे समजण्यात येईल.

सगळ्यात शेवटी ‘इतर प्रदेश’. त्यात एकच ओळ होती. आपण वरीलपैकी कोठेही नसाल तर आमची सेवा वापरल्याबद्दल आभारी आहोत.

ब्राह्मीने फोन पलंगावर आपटला. गादीवर आपटला, कारण हप्ते अजून चालू होते. रागातसुद्धा ती सावधच असते.

हे सगळं वाचायची पाळी आली ती सम्मेदच्या कारखान्यामुळे. सम्मेद एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. शांत माणूस. रसाची शुद्धता मोजून मोजून त्याच्या स्वभावातलं सगळं आम्ल निघून गेलेलं. एका संध्याकाळी तो डोळे पुसत घरी आला. हसून हसून पाणी आलेलं. कारखान्याच्या ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं होतं. जांभळंलाल झालेलं, डोळे मिटून, बोळकं वासून रडणारं एक तान्हं बाळ, आणि खाली अक्षरं: ‘ऊसदर ऐकल्यावर’.

“बघ की, काय तोंड केलंय,” तो म्हणाला.

ब्राह्मीने बघितलं. “अहो, ही अनू आहे.”

सम्मेदचं हसू लगेच थांबलं नाही. उतारावरच्या सायकलीसारखं ते थोडं पुढे जाऊन थांबलं. बापाने पोटच्या पोरीला ओळखलं नाही आणि वर तिच्या रडण्याला हसला, ही नोंद ब्राह्मीने मनात करून ठेवली. ती पुढे पाच-सात भांडणांत उपयोगी पडली.

शोध घेतल्यावर मूळ व्हिडिओ सापडला. अनुप्रेक्षा आता अकरा महिन्यांची. व्हिडिओतली अडीच महिन्यांची. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने ब्राह्मी तेव्हा सांगलीजवळच्या कोथळगावात वडिलांकडे होती, आणि लेकराला रोज न्हाऊ घालायला धोंडुबाई येत असे. व्हिडिओत धोंडुबाई न्हाणीत पाय पसरून बसलीय, नडग्यांवर अनू पालथी, वरून कढत पाण्याचा तांब्या, आणि अनूचा टाहो. न्हाणीच्या कोनाड्यात फोन टेकवून, ब्राह्मीच्या नकळत काढलेला तो ‘धोंडुबाई न्हाणीवाली’ या खात्यावर एकोणीस लाख लोकांनी पाहिला होता.

एवढंही ब्राह्मीने एक वेळ गिळलं असतं. पण व्हिडिओत मागून एका बाईचा आवाज येत होता. ती बाई दारातून कुणाला तरी बाळाचं नाव सांगत होती, जन्मतारीख आणि वेळ सांगत होती, दवाखाना कुठला, बाळाचे वडील कुठल्या कारखान्यात, ते पण. आणि शेवटी, “दुपारी या ना निवांत, तेव्हा घरी मी एकटीच असते.” तो आवाज ब्राह्मीचा होता. जी बाई सिमकार्डाच्या दुकानात जन्मतारीख सांगताना आवाज खाली करते, तिने एकोणीस लाख लोकांना दुपारी घरी बोलावलं होतं. तिला राग आला तो असा. आणि तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने धोंडुबाईच्या सुनेला फोन लावला.

सून दीपाली. खातं तिनेच काढून दिलेलं. तिने फोन सरळ सासूच्या हातात दिला.

“धोंडुबाई, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढा.”

“आवं, मला कुठं काडता येतोय. त्यो फोन बादलीत पडला की. शिरपतीच्या पोराला न्हाऊ घालताना. पोरगं वाचलं, फोन गेला.”

“मग दुसऱ्या फोनवरून काढा.”

“दीपाली म्हंती खातं उघडत न्हाई. त्याला जुना नंबर पायजे. त्यो नंबर बी गेला फोनसंगं.” मग जरा थांबून, “किती लोकांनी बघितला गं?”

“एकोणीस लाख.”

“लयच झालं की,” धोंडुबाई म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप कमी आणि समाधान जास्त आहे असं ब्राह्मीला वाटलं, आणि ती बोलून गेली, “तुम्ही माझ्या लेकीचा तमाशा केलात, धोंडुबाई.”

पलीकडे बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

म्हणजे आता कंपनीच. ब्राह्मीने धोरणातल्या चार ओळींचं बोट धरून तक्रारीचा अर्ज उघडला. प्रदेश: भारत. नातं: आई. मग अर्जाने मागितलं ते हे. ज्यावर बाळाचं आणि आईचं अशी दोन्ही नावं आहेत असा सरकारी कागद, आणि आईचं ओळखपत्र. तिने जन्मदाखला जोडला, आधार जोडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘कागदपत्रांवरील आई आणि अर्जदार या एक व्यक्ती नसल्याचे आढळले. आपल्या संयमाबद्दल आभार.’

तिने दाखला नीट पाहिला. आईचे नाव: ब्राह्मी भूपाल मगदूम. आधारवर: ब्राह्मी सम्मेद चौगुले. पत्त्याच्या रकान्यात मुक्काम पोस्ट कोथळगाव. अक्षर छापील असलं तरी त्यामागचा हात तिने ओळखला. तिने वडिलांना फोन लावला.

“अण्णा, दवाखान्यात फॉर्म तुम्ही भरला होता?”

“व्हय. तू आत आरडत हुतीस, तुला कुठं इचारू?” भूपाल अण्णा म्हणाले.

“आईचं नाव काय लिहिलंत?”

“तुझं नाव लिवलं.”

“माझं नाव चौगुले आहे.”

“ते लग्नाचं. त्यांनी लग्नाचं कुठं इचारलं? आईचं नाव इचारलं. तू जल्मल्यापासनं मगदूम हाईस, मी लिवलं मगदूम.” ब्राह्मीने समजवायचा प्रयत्न केला, पण अण्णांनी पुढे विचारलं, “आन पत्ता तरी बरोबर लिवलाय का न्हाई मी?”

दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, विवाहाची नोंद, दोन साक्षीदार आणि दीड महिना लागतो असं जन्मनोंदणीच्या खिडकीवरून समजलं. तोवर आकडा वीस लाखांवर गेला होता. चित्रंही वाढत होती. ‘लाईट बिल आल्यावर’ अनू. ‘पेपर फुटलाच नाही कळल्यावर’ अनू. एका खतवाल्याने तर तिला युरियाच्या पोत्याशेजारी बसवलं होतं.

“मी करू का अर्ज?” सम्मेद म्हणाला. “माझं नाव दाखल्यावर बरोबर आहे.”

हे वाक्य त्याने अत्यंत चांगल्या हेतूने उच्चारलं, आणि त्याच हेतूने उच्चारलेल्या इतर वाक्यांसारखंच ते त्याला महागात पडलं. नऊ महिने वागवलं मी, टाके मला पडले, चार महिने उभ्याने झोपले मी, आणि आई कोण हे ठरवायला तुमचं नाव बरोबर. असं बरंच. सम्मेद ऐकून घेत होता. ऐकता ऐकता त्याने अर्ज भरूनही टाकला. बापाचा अर्ज पाच मिनिटांत दाखल झाला. उत्तर ‘योग्य वेळेत’ मिळणार होतं. पंधरा दिवसांत ती योग्य वेळ आली नाही. एकवीस लाख.

इथे आकाराम काका आले. काका म्हणजे घरमालक. खालच्या मजल्यावर राहतात. तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पण काकांमधली कचेरी सुटली नाही. ते पेपरसुद्धा आवक-जावक बघितल्यासारखा वाचतात. जिन्यात ब्राह्मीचा आवाज ऐकून ते वर आले, चष्मा लावला आणि प्रादेशिक सूचनांची यादी शांतपणे वाचली.

“सूनबाई, तुमचं चुकलं कुठं सांगू? तुमी अर्ज चुकीच्या टेबलाला दिला. भारताचं टेबल म्हंजे दीडशे कोटींचा ढीग. तिथं तुमचा कागद खाली. युरोपच्या टेबलाला गर्दी न्हाई, आन नियम अकरा पानं. अर्ज तिथं द्यायचा.”

“पण आपण युरोपात राहत नाही, काका.”

काकांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आमचा नातू त्या इंग्लिश शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहत हुता का? न्हाई. प्रवेश मिळाला का? मिळाला. भाडेकरार केला. शाळेसाठी निम्मं फलटण शाळेच्या आजूबाजूला राहतंय. तुमचं कोन न्हाई व्हय तिकडं?”

होतं की. सम्मेदची धाकटी बहीण प्रांजल जर्मनीतल्या एका इस्पितळात नर्स होती.

“पण हे खोटं होईल.”

“खोटं न्हवं. तात्पुरतं सत्य,” आकाराम काका म्हणाले.

एरवी ब्राह्मीने त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं असतं. पण बावीस लाखावा माणूस आता कुठल्याही क्षणी येणार होता. राग माणसाला धाडसी करतो असं म्हणतात. ते तितकंसं खरं नाही, तो माणसाला स्टॅम्पपेपर घ्यायला लावतो. पाचशेच्या कागदावर प्रांजलच्या जर्मनीतल्या खोलीचा करार झाला. मसुदा काकांचा, चौतीस वर्षांत घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यातला एक शब्दही बदलायला ते तयार नव्हते. भाडेकरू: कु. अनुप्रेक्षा सम्मेद चौगुले, वय अकरा महिने, धंदा काही नाही. भाडेकरूने जागेत कोणताही बेकायदेशीर व्यवसाय करू नये. भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीस खिळे ठोकू नयेत. भाडेकरूने जागा सोडताना ती होती त्या स्थितीत परत करावी. या शेवटच्या अटीवर भाडेकरूने नोटरीच्या टेबलावर दूध काढलं. अंगठा मात्र सुरेख उठला.

प्रांजलने फोनवर डोक्याला हात लावला. “वहिनी, मलाच इथं खोली मिळेना. आम्ही तिघी एका खोलीत राहतो. मी कुणाला भाड्यानं ठेवू?”

“तू फक्त सही कर.”

“कळलं तर मला हाकलतील गं.”

“प्रांजल, तुझ्या भाचीला त्यांनी युरियाशेजारी बसवलंय.”

प्रांजलने सही केली.

युरोपच्या टेबलाचं उत्तर पाच तासांत आलं. ‘प्रिय ब्राह्मी’ अशी सुरुवात होती. झालेल्या त्रासाबद्दल खेद होता. बाळाच्या हिताला त्यांच्या लेखी सर्वोच्च प्राधान्य होतं. वाचताना ब्राह्मीचे डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून तिला आणखी राग आला. म्हणजे यांना उत्तर देता येतं. पाच तासांत देता येतं. तीच पोर, तेच रडणं, तोच व्हिडिओ. फलटणात असली की योग्य वेळेत आणि जर्मनीत असली की सर्वोच्च प्राधान्य.

पत्राच्या शेवटी एक छोटी विनंती होती. बाळ भारतातल्या आधीच्या पत्त्यावर आता राहत नाही, असा तिथल्या कार्यालयाचा दाखला जोडावा. आधीचा पत्ता म्हणजे जन्मदाखल्यावरचा. अण्णांनी अगदी बरोबर लिहिलेला.

दुसऱ्या दिवशी ब्राह्मी अनूला कडेवर आणि सगळे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घेऊन एस.टी.त बसली. दहिवडी, विटा करत सांगली, सांगलीहून कोथळगाव. घरी आई चंदनबालाने नातीला बघताच मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. “दृष्ट लागलीय पोरीला, दुसरं काय न्हाई.” बावीस लाख लोकांची दृष्ट एका मुठीत कशी मावायची, हा प्रश्न ब्राह्मीने विचारला नाही. ती तशीच ग्रामपंचायतीत गेली.

ग्रामसेवक दिग्विजय भाऊसाहेब तरुण आणि सरळ माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला.

“ताई, राहत असल्याचा दाखला असतो. राहत नसल्याचा माझ्या सर्व्हिसमध्ये कुणी मागितला नाही.”

“मला तोच हवाय.”

“ही तीच का?” अनू त्याच्या टेबलावर बसून शिक्क्याच्या डबीचं झाकण चावत होती. “ही माझ्यासमोर बसलीय आणि मी लिहू की राहत नाही?”

“ती फलटणला राहते.”

“मग फलटणला राहते असा दाखला तिथून घ्या की.”

“तो नकोय मला.”

“मग ही राहते कुठं?”

ब्राह्मीने फाईल मागे सरकवली. फाईलमधला करार त्याला दाखवायची तिला लाज वाटली. भाऊसाहेबाने तिच्याकडे, अनूकडे आणि झाकणाकडे पाहिलं, आणि झाकण परत मिळावं म्हणून लिहून दिलं: ‘सदर बालिका मौजे कोथळगाव येथे राहत नाही. दाखला मागणीवरून दिला असे.’ शिक्का उठवला. ब्राह्मीने कार्यालयाच्या पायरीवरूनच फोटो काढून तो पाठवला.

सकाळी उत्तर आलं. या वेळी ‘प्रिय’ नव्हतं.

‘बालक युरोपात राहत असल्याचा नोंदणीचा पुरावा आढळला नाही. बालक भारतातील नोंदलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचा अधिकृत पुरावा आपण स्वतः दिला आहे. सबब बालकाच्या वडिलांचा भारतातील अर्ज बंद करण्यात येत आहे. बालकास यापुढे इतर प्रदेशांची सूचना लागू राहील. आमची सेवा वापरल्याबद्दल आभारी आहोत.’

ब्राह्मीने ते तीनदा वाचलं. समोर अंगणात अनू रांगत होती. गोठ्याच्या दिशेने, शेणाच्या दिशेने, अगदी ठरवून. ही पोर आता अधिकृतपणे पृथ्वीवर कुठेच राहत नव्हती. आणि हे तिच्या आईने स्वतः, पाचशेच्या स्टॅम्पवर, दोन साक्षीदारांसमोर करून दाखवलं होतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “मी धोंडुबाईकडे चालले.”

“भांडायला?” अण्णांनी विचारलं.

“माहीत नाही.”

धोंडुबाईचं घर गावाच्या टोकाला. पूर्वेच्या माणदेशातून मेंढरं घेऊन आलेलं कुटुंब, पुढे इथेच थोडं रान घेऊन राहिलं. धोंडुबाई दारात हरभरा निवडत होती. ब्राह्मीला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

“या. तमाशा बघाया आलाय?”

ब्राह्मीने बसायचं टाळलं. मग अनूचं ओझं झालं म्हणून बसली.

“मी रागात बोलले.”

“बोललीस. मी तुला बी न्हाऊ घातलंय ह्याच पायांवर. तू बी अशीच आरडायचीस. तवा कुणाकडं फोन नव्हता म्हनून, न्हाईतर तू बी गाजली असतीस.” धोंडुबाईने पदराने हात पुसले. “मला काय कळतंय गं, कोन बघतंय आन कोन न्हाई. दीपाली म्हनली, आत्ती, गिऱ्हाईक वाढंल. वाढलं बी. पर नंबर गेला तसं सगळं बोंबललं. खात्यावर त्योच जुना नंबर लिवलाय. बाया त्यालाच फोन लावत्यात.”

“कुणाला?”

“सिमच्या कंपनीनं त्यो नंबर दुसऱ्याला दिला न्हवं. पाटणकडचा कोन माणूस हाय. बाया इचारत्यात, न्हाऊ घालाया कवा येतायसा, आन त्यो शिव्या घालतोय. निम्मी गिऱ्हाइकं त्यानं तोडली माझी.”

ब्राह्मी एकदम सरळ बसली. एकोणसाठ पानं वाचली, तीन अर्ज केले, जर्मनीत भाडेकरू ठेवली, आणि हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण तिने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला धोंडुबाईशी बोलावं लागलं असतं.

दीपालीने आपला फोन आणला, खात्याच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. सहा आकडी कोड जुन्या नंबरवर पाठवला आहे, असं ॲपने कळवलं. ब्राह्मीने त्याच नंबरला फोन लावला.

“न्हाऊ घालाया येत न्हाई,” पलीकडून आवाज आला. “मी बाई न्हाई. कोंडीबा हाय मी. ठेवा.”

“ठेवू नका. मी अंघोळीसाठी फोन केला नाही. तुम्हाला आत्ता एक नंबर आला असेल, सहा आकडी.”

“आलाय.”

“तो मला सांगा.”

यावर कोंडीबा जे गप्प झाला, ते गप्प होणं ब्राह्मीच्या ओळखीचं होतं. अण्णांना, आईला, आकाराम काकांना, सगळ्यांना तिने हेच शिकवलं होतं. अनोळखी बाईचा फोन येईल, गोड बोलेल, आकडे मागेल.

“आकडे कुणाला सांगायचं न्हाईत,” कोंडीबा म्हणाला. “बँकेच्या सायबांनी तालुक्याला बोलवून सांगितलंय.”

“बरोबर आहे त्यांचं.”

“मग?”

“मग काही नाही. तरी सांगा.”

“तुमी कोन?”

“ज्या बाळाचा व्हिडिओ आहे त्याची आई. मला तो काढायचाय.”

“कशावरनं?”

ब्राह्मीच्या मांडीवर फाईल होती. दाखला, आधार, करार, नसल्याचा दाखला. त्यातलं काहीही फोनमधून पाटणला जाण्यासारखं नव्हतं, आणि गेलं असतं तरी एकाही कागदावर ती अनूची आई असल्याचं धड लिहिलेलं नव्हतं. महिनाभराचा राग आता कोंडीबावर निघणार होता. ती तोंड उघडणार तेवढ्यात अनूने उघडलं. धोंडुबाईने तिला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते. साडेआठ महिन्यांनी ते हात दिसले, आणि पोरीला सगळं आठवलं. अनू जांभळी झाली, डोळे मिटले, आणि जो टाहो फोडला त्याने आढ्यावरची कबुतरं उडाली.

“हे कोन?” कोंडीबाने विचारलं.

“तीच.”

“आवं मग गप करा की तिला. लेकरू रडतंय आन तुमी फोनवर बोलत बसलाय.”

ब्राह्मीने फोन जमिनीवर ठेवला. फाईल सरकली, कागद हरभऱ्यात पडले. तिने अनूला उचलून खांद्यावर टाकलं, पाठीवर दोन बोटं फिरवत दारात चार पावलं गेली, चार पावलं आली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती, त्याला शब्द नव्हते. टाह्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचा एक लांब सुस्कारा झाला, मग खांद्याच्या कापडावर नाक पुसलं गेलं.

जमिनीवरून आवाज आला, “लिवा.”

ब्राह्मी धावत येऊन खाली बसली. कोंडीबाने आकडे वाचले, प्रत्येक आकड्यानंतर “लिवला?” विचारत. सहा आकडे भरल्यावर ॲप म्हणालं, कोडची मुदत संपली आहे.

आता मात्र ब्राह्मी बोलली. काय बोलली ते छापण्यासारखं नाही. दीपालीने कानांवर हात ठेवले, आणि धोंडुबाईने ब्राह्मीकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

“मागवा दुसरा,” कोंडीबा म्हणाला. “मी कुठं जातोय. म्हसरं पान्यात बसल्यात.”

दुसरा आला. त्याने तो भरभर सांगितला. खातं उघडलं. दीपालीने फोन सासूच्या हातात दिला. तेवीस लाख चाळीस हजार. धोंडुबाईने तो आकडा थोडा वेळ बघितला. गावात तिला कुणी इतकं बघितलं नव्हतं.

“काय दाबू?”

“हे लाल.”

धोंडुबाईने हरभऱ्याची धूळ लागलेला अंगठा पदराला पुसला आणि दाबला. ॲपने विचारलं, नक्की? तिने पुन्हा दाबलं. जागा पांढरी झाली. बाकीची चित्रं अजून कुठे कुठे असतील, ती फिरत राहतील, त्यांच्याशी भांडण उद्यापासून. पण तो आवाज, ते नाव, ती तारीख, ती दुपार, एवढं गेलं.

“झालं का?” कोंडीबाने विचारलं. तो अजून होता.

“झालं.”

“मग आता माझं एक काम करा. तितनं माझा नंबर काडा. सा म्हयनं झालं, रोज कोनतरी बाळंतीण उठवतीया मला. त्या ॲपवाल्या कंपनीला मी तीन रजिस्टर पत्रं घातली.”

“उत्तर आलं?”

“न्हाई. पोच आली.”

ब्राह्मीने खात्यावरचा नंबर पुसला, तिथे धोंडुबाईचा नवा घातला, जतन केलं, पान बंद करून पुन्हा उघडून खात्री केली. “काढला तुमचा नंबर.”

“कशावरनं?”

तिने हरभऱ्यात पसरलेल्या कागदांकडे पाहिलं. अनू त्यातला नोटरीच्या शिक्क्याचा तुकडा चावत होती.

“मी सांगते म्हणून,” ती म्हणाली.

पलीकडे म्हैस फुरफुरल्याचा आवाज आला. कोंडीबाने विचार केला.

“बरं,” तो म्हणाला. “मग काडला आसंल.” आणि त्याने फोन ठेवला.